विसावं उदाहरण

चित्रा टिपणीस यांच्यासमोर 'टायपिंगमध्ये चूक होतेय' असं म्हणायचं असेल, तर शहाण्या माणसाने आधी दाराजवळ उभं राहावं. चौतीस वर्षं ही बाई कल्याणच्या रामबागेत टायपिंगचा क्लास चालवतेय. आधी खडखडणारी यंत्रं होती, मग कॉम्प्युटर आले, पण भिंतीवरचा फळा तोच आणि फळ्यावरचं वाक्यही तेच: कागदावर आहे ते सगळं, कागदावर आहे तसं, कागदावर आहे तिथेच. स्वल्पविराम सुटला की अर्धा मार्क गेला. कागदावर ओळ जिथे संपते तिथेच आपली ओळ संपली पाहिजे, नाहीतर आणखी अर्धा गेला. अशा बाईंना ऋजुता म्हणाली, "बाई, मला वाटतं तुमच्या लोकांचं टायपिंगच चुकतंय."

आणि म्हणाली तीही खुर्चीत आरामात बसून, बाईंनीच दिलेला चहा पीत.

"माझ्या लोकांचं?" बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे लक्षण बरं नव्हे, हे क्लासमधल्या सगळ्यांना माहीत होतं. कीबोर्डांचा आवाज आपोआप बंद झाला.

"हो ना. अकरा जणांपैकी एकाचंही पहिलं उदाहरण चालत नाहीये."

"अकरा माणसं, अकरा वेगवेगळ्या घरची, आणि सगळी एकाच जागी एकच चूक करताहेत होय गं?"

ऋजुता ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. दहावीच्या सुट्टीत टायपिंग शिकून गेली, पुढे इंजिनियर झाली, आता डोंबिवलीला राहते आणि ठाण्याला एका कंपनीत कोड लिहिते. पण जीव जडलाय तो मैनावर. मैना म्हणजे कॉम्प्युटरची एक भाषा. ती कुणा कंपनीच्या मालकीची नाही. जगभरची हौशी माणसं आपापल्या घरून ती घडवतात, दुरुस्त करतात आणि फुकट वाटतात. नव्याने शिकणाऱ्यांसाठी तिचं इंटरनेटवर एक पुस्तक आहे, त्यात वीस उदाहरणं. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात पुस्तकातली कमांड टाईप करायची, एंटर दाबायचं आणि लिहिलंय तसं उत्तर येतंय का बघायचं. हे पुस्तक ऋजुताने मराठीत आणलं होतं. त्यापायी दोन वर्षांचे शनिवार-रविवार गेले, आणि आईने आणलेली दोन स्थळं 'आत्ता वेळ नाही' म्हणून परत गेली ती वेगळीच.

आता शेवटची एकच पायरी उरली होती. मैनावाल्यांचा नियम असा, की त्या त्या भाषेच्या, प्रोग्रामिंगचा गंधही नसलेल्या निदान दहा माणसांनी वीसही उदाहरणं आपल्या हाताने करून बघायची, आणि एका जबाबदार माणसाने 'हे माझ्यासमोर झालं' असं सहीनिशी लिहून द्यायचं. सगळी चालली तर मराठी पुस्तक नव्या आवृत्तीबरोबर निघणार. एक जरी अडलं तर मराठी बाहेर, आणि पुढची आवृत्ती दीड वर्षाने. कागदपत्रं पोचायची मुदत रविवारी संध्याकाळी सहाची. प्रोग्रामिंगचा गंध नसलेली, पण कीबोर्डची भीती गेलेली दहा माणसं कुठे मिळणार? ऋजुताने आठवडाभराची रजा टाकली, वीस उदाहरणं छापून घेतली आणि सोमवारी चार वाजता टिपणीस बाईंच्या क्लासचा जिना चढली.

आणि पहिल्याच दिवशी पहिल्याच उदाहरणाला काळी खिडकी सगळ्यांवर खेकसली: असली कमांड मला माहीत नाही.

"ऊठ रे सुशांत," बाई म्हणाल्या. टिटवाळ्याचा सुशांत, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, घाईघाईने उठला. बाई त्याच्या जागी बसल्या, कागद स्टँडवर नीट लावला, पाठ ताठ केली आणि कागदावरची नजर न हलवता पहिली कमांड टाईप केली. एंटर. असली कमांड मला माहीत नाही.

"हं," ऋजुता म्हणाली, आणि म्हणता म्हणता पुढे वाकली. "बाई, हा सुरुवातीला डॉलर का टाईप केलात?"

"कागदावर आहे."

"तो टाईप करायचा नसतो."

"मग छापलास कशाला?"

"तो म्हणजे... कॉम्प्युटर तयार आहे, आता तुम्ही बोला, अशी खूण असते. तिच्यापुढचं तेवढं टाईप करायचं. सगळ्यांना माहीत असतं ते."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला गं?" बाईंनी खुर्ची वळवली. "शेवंती, तुला माहीत होतं?"

शेवंती आंबिवलीच्या एका शाळेत शिपाई. एकोणीस वर्षं घंटा देतेय, आणि आता लिपिकाच्या जागेसाठी टायपिंगचं सर्टिफिकेट हवंय म्हणून येते. "मला नाय बाई माहीत. मला वाटलं, परदेशी आहे, डॉलर लागत असेल."

हशा पिकला. ऋजुताही हसली, पण कानशिलं लाल झाली होती. बाईंनी मात्र तिला सोडलं नाही. "सगळ्यांना माहीतच आहे, तर मग हे पुस्तक तू लिहिलंस कुणासाठी?"

इंटरनेटवर त्या कमांडच्या शेजारी एक बटण असतं, ते दाबलं की डॉलर वगळून बाकीचं आपोआप उचललं जातं. त्यामुळे आजवर कुणी तो हाताने टाईपच केला नव्हता. कागदावरून अक्षरन् अक्षर उतरवणारी माणसं मैनाच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती. ऋजुताने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पहिल्या उदाहरणाखाली 'अडलं तर' असं शीर्षक देऊन लिहिलं: सुरुवातीचा डॉलर ही खूण आहे, तो टाईप करू नये.

चौथ्या उदाहरणाला पुन्हा तेच. कमांड लांबलचक होती, कागदावर मावेना म्हणून छापताना तिच्या दोन ओळी झाल्या होत्या. आता टिपणीस क्लासचा माणूस ओळ संपली की काय करणार? एंटर मारणार. अकरा जणांनी मारला. अर्धी कमांड पाहून मैना बिचारी गोंधळली, उरलेली अर्धी पाहून आणखी गोंधळली. या खेपेला ऋजुता टायपिंगबद्दल चकार शब्द बोलली नाही. मुकाट्याने लिहिलं: कागदावर ओळ तुटली तरी कमांड एकच आहे, एंटर फक्त शेवटी.

मंगळवारपासून गाडी रुळावर आली. क्लासला तर अशी काही रंगत चढली की विचारू नका. एरवी बँकेला पत्र आणि नगरपालिकेला अर्ज टाईप करून कंटाळलेली माणसं, त्यांना पहिल्यांदा कॉम्प्युटर उलट उत्तर देत होता. सातव्या उदाहरणाला शेवंतीने एंटर दाबलं आणि पाच मिनिटं हात बांधून बसून राहिली.

"काय झालं गं शेवंतीताई?" ऋजुताने विचारलं.

"काहीच येत नाय. वाट बघतेय."

"अगं, काही आलं नाही म्हणजे झालं काम. मैना सगळं ठीक असलं की काहीच बोलत नाही. बिघडलं तरच बोलते."

"असं होय!" शेवंती खुलली. "मग आमच्या ह्यांच्यासारखीच आहे की. जेवताना काही बोलले नाहीत म्हणजे समजायचं, भाजी जमलीय."

ऋजुताने हसत हसत तेही 'अडलं तर' मध्ये घातलं, नवऱ्याचा उल्लेख तेवढा गाळून. बाईंना ही पोर मनापासून आवडायला लागली होती. सोमवारी तिच्यावर तोंड टाकलं याचं थोडं वाईटही वाटत होतं, पण तसं बोलून दाखवणं हे बाईंच्या रक्तात नव्हतं, म्हणून त्यांनी बुधवारी अळूवड्या करून आणल्या.

सगळ्यात मागे राहायचे ते धोंडीबा. वय अडुसष्ट. मोहन्याला कारखान्यात पाळीचा भोंगा वाजवणं आणि हजेरी लावणं ही कामं करून निवृत्त झालेले. घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा काहीतरी शिकावं म्हणून क्लासला यायचे. दोन्ही हातांची मिळून तीन बोटं वापरायचे आणि प्रत्येक अक्षर दाबताना ते ओठांनी म्हणायचे. पण रविवारी सकाळी अठराव्या उदाहरणाला, जिथे प्रत्येकाने आपल्या मनाचा प्रोग्राम लिहायचा होता, तिथे धोंडीबांनी सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावलं. त्यांचा प्रोग्राम विचारायचा, किती वाजले? तुम्ही आकडा दिलात की सांगायचा, पहिली पाळी, दुसरी पाळी की तिसरी पाळी.

"सायरन पन वाजवायचा होता," धोंडीबा म्हणाले, "पर ते मैनाला येत न्हाय."

"येतं काका, शिकवते पुढे," ऋजुता म्हणाली.

शेवंतीने त्यावरून कल्पना उचलली आणि शाळेत आता कितवा तास चालू आहे हे सांगणारा प्रोग्राम केला. मधल्या सुट्टीची वेळ दिली की तो म्हणायचा, डबा खा. तो तिने दिवसभरात तीस वेळा तरी चालवला असेल.

दुपारी जेवून सगळे वेळेआधीच परत हजर. चार वाजता एकोणिसावं उदाहरण संपलं, साडेचारला विसावं. हे अगदी सोपं. प्रोग्राम चालवताना मैना स्वतःसाठी काही तात्पुरत्या फाइली बनवून ठेवते, त्या शेवटी झाडून टाकायच्या. एक कमांड, एक एंटर, आणि कागदावर म्हटल्याप्रमाणे खिडकीत शब्द येतो: साफ. एकेका टेबलावरून आवाज आले, साफ, साफ, साफ. धोंडीबा अजून एकोणिसाव्यातच होते, पण त्यांच्यावाचून दहा भरत होते. ऋजुताने शेवटच्या चौकोनात दहावी खूण केली आणि दोन्ही हात वर करून ओरडली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सुशांत पेढे आणायला पळणार होता, बाईंनी त्याला थांबवलं.

"पेढे मग. तास संपलाय, आधी कागद."

या क्लासची रीत अशी, की तास संपला म्हणजे प्रत्येकाने आज केलेल्या कामाचा कागद छापून काढायचा, बाईंपुढे ठेवायचा आणि सही घ्यायची. सहीशिवाय जिना उतरायचा नाही. यंत्रं खडखडत होती तेव्हापासूनची रीत. नव्या शिकणाऱ्याला ती जाचच वाटते, मग वाटेनाशी होते. आज तर सगळ्यांना आपापला प्रोग्राम छापून घरी न्यायचा होता.

शेवंती प्रोग्राम उघडायला गेली आणि तिथेच थबकली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "बाई, माझा शाळेचा प्रोग्राम नाय मिळत."

"नीट बघ. दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवला असशील."

"नाय बाई, इथेच होता. आत्ता तर चालवलेला." तिचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी चुकलं असणार. काय तरी दाबलं गेलं असेल माझ्या हातून."

बाई 'असेल' असं म्हणणारच होत्या, तेवढ्यात सुशांत म्हणाला, "अरे यार, माझा पण गायब आहे. सकाळीच बॅकअप घेणार होतो मी, राहून गेलं."

मग एकेकाने शोधलं. दहाच्या दहा प्रोग्राम नाहीसे.

बाईंनी ऋजुताकडे बघितलं. ऋजुता लॅपटॉपवर अर्ज भरत होती. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. "बाई, ते नंतर बघू या ना. प्लीज. सुशांत वगैरेंनी साफ करताना चुकून उडवला असेल. मी परत लिहायला मदत करेन सगळ्यांना, शपथ. तुम्ही फक्त इथे सही करा, वीसपैकी वीस."

"दहा माणसं, ऋजुता."

"हो, पण उदाहरण तर चाललं ना? कागदावर काय लिहिलंय, 'साफ' असा शब्द येईल. आला! दहाही वेळा आला. तुम्हीच म्हणता, कागदावर आहे ते. मग?"

पेच खरा होता. बाईंनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. पोरीचं अक्षरन् अक्षर खरं होतं. कागदावर जे म्हटलं होतं ते झालं होतं, आणि कागदावर नव्हतं ते चौतीस वर्षांत बाईंनी कधी मोजलं नव्हतं. सही केली असती तर ती खोटी ठरली नसती. समोर ही मुलगी, दोन वर्षांची मेहनत हातात धरून, डोळे पाणावलेले. बाईंचा जीव तुटला. आणि शेजारी शेवंती रिकाम्या पडद्याकडे बघत स्वतःलाच बोल लावत बसली होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी नाही सही करणार. मी काय लिहून द्यायचं? हे माझ्यासमोर झालं, असंच ना? माझ्यासमोर दहा जणांचं काम नाहीसं झालंय."

"बाई, मुदत सहाची आहे हो! मराठी दीड वर्षं मागे पडेल!"

"कळतंय मला. मला आनंद होतोय का? पण उद्या कुणी पोर हे पुस्तक घेऊन बसेल, आपला पहिला प्रोग्राम लिहील, साफ म्हणेल आणि घालवून बसेल. तिला कोण सांगणार की तिचं चुकलं नव्हतं? चल, अजून पन्नास मिनिटं आहेत. शोध काढू."

ऋजुता रागाने काही बोलणार होती. पण मागून धोंडीबांचा आवाज आला. "एकोनिसावं झालं बगा. आता इसावं करू का?"

सगळे वळले. धोंडीबांचा प्रोग्राम अजून शाबूत होता.

"काका, हात वर!" ऋजुता जवळजवळ किंचाळली. "काहीही दाबू नका."

धोंडीबांनी दोन्ही हात वर केले. अकरा जण आणि बाई त्यांच्या खुर्चीभोवती जमले. ऋजुताने पडद्यावर शेजारी फोल्डर उघडून ठेवला. त्यात चार फाइली दिसत होत्या. एक धोंडीबांच्या पाळ्यांची आणि तीन मैनाने स्वतः बनवलेल्या. "आता साफ केलं की या तीन जायला हव्यात आणि ही एक राहायला हवी. करा काका, कागदावर आहे अगदी तसंच."

धोंडीबांची बोटं कीबोर्डवर आली आणि थांबली. "म्हंजी माजा बी जाईल?"

बाई पुढे झाल्या. "आधी छापून घ्या, धोंडीबा. कागद हातात आला की मग."

छापला. कागद गरम गरम हातात घेऊन धोंडीबांनी तो घडी न घालता कॉलरच्या आतून सदऱ्यात सरकवला, आणि मग एकेक अक्षर ओठांनी म्हणत, डॉलर वगळून, एंटर शेवटी, अशी विसाव्या उदाहरणाची कमांड टाईप केली. एकाही अक्षरात चूक नव्हती, बारा माणसं साक्षीला होती. एंटर.

साफ, असं मैना म्हणाली. आणि फोल्डरमधल्या चारही फाइली नाहीशा झाल्या.

"आई गं," ऋजुता म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे पळाला होता. वाणसामानात खडा सापडला की आई जशी पुढे वाकते, तशी ती पडद्यापुढे वाकली होती. "हे आपलं नाही. हे मैनाचंच चुकतंय! ज्या फाइलींचं नाव प्रोग्रामच्या नावाने सुरू होतं त्या सगळ्या ती उडवतेय. पण प्रोग्रामचं स्वतःचं नावही त्याच नावाने सुरू होतं ना, तोही जातो."

"मग इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही?" सुशांतने विचारलं.

"मुरलेली माणसं प्रोग्राम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात, त्यांचं काही जात नाही. जातं ते फक्त नवख्याचं. आणि विसावं झालं की पुस्तक संपतं, मागे वळून कोण बघतंय? बघितलं तरी..." ती शेवंतीकडे बघून थांबली.

"तरी वाटतं, माझंच चुकलं," शेवंतीने वाक्य पुरं केलं.

साडेपाचला ऋजुताने विसाव्या चौकोनातल्या खुणा एकेक करून पुसल्या. पुसताना ती रडली, लपवलंही नाही. मग तिने सगळं सविस्तर लिहिलं: कोणती कमांड, आधी काय होतं, नंतर काय उरलं, अकरा जणांचे अकरा अनुभव. शेवटच्या ओळीत लिहिलं, मराठी पुस्तकातलं विसावं उदाहरण नापास. खाली टिपणीस बाईंनी सही केली, या खेपेला एका क्षणाचाही विचार न करता. सहाला चार मिनिटं कमी असताना अर्ज गेला.

पेढ्यांचं नाव कुणी काढलं नाही. सुशांत मात्र जाऊन वडापाव घेऊन आला आणि सगळ्यांनी ते उभ्याउभ्याच खाल्ले. बाईंना फार वाईट वाटत होतं. त्यांनी ऋजुताच्या पाठीवर हात ठेवला आणि सोमवारपासून पोटात असलेलं एकदाचं बोलून टाकलं. "तुला त्या दिवशी फार तोडून बोलले गं. पुस्तक तू चांगलं लिहिलंयस. मी काही सगळ्यांना असं म्हणत नाही."

"मला माहीत आहे, बाई. तुम्ही मलासुद्धा कधी म्हणाला नव्हतात," ऋजुता म्हणाली, आणि दोघी हसल्या.

साडेसहाला, सगळे चपला घालत असताना, लॅपटॉप वाजला. ऋजुताने उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता खाली बसली.

"काय म्हणताहेत?" बाईंनी विचारलं. "दीड वर्ष?"

"नाही बाई. सगळं थांबवलंय."

"म्हणजे?"

"सगळ्या भाषा. इंग्रजी, जपानी, पोर्तुगीज, सगळ्या. आवृत्तीच थांबवलीय त्यांनी. उद्या पहाटेपर्यंत दुरुस्ती करून पाठवतो म्हणतात. आणि लिहिलंय..." तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "लिहिलंय, तुमच्या क्लासने चालतंय असं म्हटल्याशिवाय जगात कुठेही काही निघणार नाही."

मोहन्याचे धोंडीबा, टिटवाळ्याचा सुशांत, आंबिवलीची शेवंती, सगळे एकाच पायात चप्पल घालून उभे. मग एकच गलका झाला. शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर काय झालं बघायला आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही, वडापाव दिला.

सोमवारी कुणालाही बोलवावं लागलं नाही. शेवंती शाळा सुटल्याबरोबर, गणवेशातच आली. प्रत्येकाने आपला प्रोग्राम पुन्हा लिहिला. शेवंतीने तर आठवणीतून, एकदाही न अडखळता. ऋजुताने नवी मैना सगळ्या कॉम्प्युटरवर चढवली आणि बाईंनी 'करा' म्हटलं. पहिला मान धोंडीबांना. साफ. तीन फाइली गेल्या, पाळ्यांची राहिली. मग शेवंतीचं, सुशांतचं, मग बाकीच्यांचं. अकराही जणांचं सगळं जागच्या जागी. धोंडीबांनी लगेच प्रोग्राम चालवून, वेळ देऊन पाळी विचारून घेतली, उगाच खात्रीला. दुसरी पाळी चालू होती.

"लिही त्यांना," बाई म्हणाल्या. "चालतंय म्हणावं. सगळं चालतंय."

ऋजुताने पाठवलं. दहाव्या मिनिटाला उत्तर आलं. तिने ते आधी मनात वाचलं, मग उभी राहिली आणि मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं. आवृत्ती निघाली होती, मराठी पुस्तकासकट. पुढे लिहिलं होतं: आम्ही जुनी पत्रं काढून बघितली. गेल्या तीन वर्षांत तेवीस नवख्या माणसांनी कळवलं होतं, की आमचा पहिला प्रोग्राम हरवला. आम्ही तेवीसही जणांना उत्तर दिलं, तुमच्याच हातून गेला असेल. त्या प्रत्येकाला आज आम्ही माफी मागणारं पत्र लिहीत आहोत. तुमच्या क्लासमध्येही ज्यांचं काम गेलं, त्या सर्वांची आम्ही माफी मागतो.

"माफी?" शेवंती म्हणाली. "म्हणजे माझी पण?"

"तुझी पण," बाई म्हणाल्या. "तुझी आधी."

शेवंतीने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिच्या नावावर लागलेल्या चुका तिला पाठ होत्या, त्यातल्या कितीतरी तिच्या नव्हत्या, आणि माफी मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. तिने गणवेशाच्या साडीच्याच पदराने डोळे पुसले, आणि खुर्चीत जरा सावरून बसली.

"ऋजुताताई, त्यांना लिहा," ती म्हणाली. "म्हणावं, एवढं मनाला लावून घेऊ नका. होतं असं माणसाच्या हातून कधी कधी."